बेल उचलून बांधलेले घर

उमरग्याच्या पेठेला दोन रस्ते होते. खालच्या रस्त्याने पुरुष, बैलगाड्या, तहसिलीचे शिपाई आणि उन्हाळ्यात धुळीचे भोवरे जात. वरचा रस्ता माळवदांचा. लाकडी तुळया, त्यांवर फळ्यांचे किलचन, त्यावर पाला आणि हातभर माती अशी सपाट छपरे एकमेकांना खेटून उभी होती, आणि त्यांच्यावरून पेठेतल्या बायका या घरून त्या घरी विस्तव, विरजण आणि बातम्या घेऊन जात. निजामाच्या सरकारने हा रस्ता कधी मोजला नव्हता. सरकारला ठाऊक नसलेली जमीन त्या राज्यात बहुधा तेवढीच उरली होती.

गिरिजाबाईंचा हा वरचा रस्ता मात्र एका जागी तुटला होता. सासरचे घर ओळीच्या टोकाला. त्याच्यापुढे एक पडकी जागा, दात पडलेल्या हिरडीसारखी. आणि त्या जागेपलीकडे त्यांच्या माहेरचे माळवद. इतक्या जवळ माहेर म्हणजे भाग्यच, असे बायका म्हणत. ज्यांचे माहेर दूर असते त्यांना निदान अंतराला दोष देता येतो. गिरिजाबाईंना दोष द्यायला एक बेलाचे पान होते.

त्याची हकीकत अशी. गिरिजाबाईंचे भाऊ शिवलिंग यांच्याकडे मुलाचे बारसे होते. पंगतीत हुग्गी होती. गव्हाच्या त्या खिरीची पहिली पळी शिवलिंगांनी तहसिलीतल्या पेशकाराच्या पानात वाढली आणि दुसरी जावयाच्या. जावई, म्हणजे गिरिजाबाईंचे मालक कल्याणप्पा, पानावरून उठले, हात न धुता महादेवाच्या देवळात गेले, पिंडीवरचा बेल उचलला आणि चारचौघांसमक्ष म्हणाले, "आजपासनं माझ्या घरातलं माणूस त्यांचा उंबरा चढणार न्हाय, आन् त्यांच्यातलं कुणी माझा चढणार न्हाय." महादेव काही बोलला नाही. देवांचा हा गुण शपथ घेणाऱ्यांच्या फार सोयीचा असतो.

बेल उचलून मग शब्द फिरवणाऱ्या माणसाला पेठेत किंमत उरत नसे. त्याच्याकडून कापड घेताना गिऱ्हाईक वार दोनदा मोजून घेई. कल्याणप्पांचे दुकान कापडाचेच होते. तेव्हा राग ओसरला तरी बेल राहिला. राग हा पाहुणा असतो, बेल घरजावई.

त्या दिवसापासून मायलेकी पडक्या जागेच्या दोन काठांवर उभ्या राहू लागल्या. आई धुरपदाबाईंना ऐकू कमी येई, म्हणून बोलणे सगळे हातांचे. पदर कपाळाला लावला की डोके दुखते. तळहातावर तळहात थापला की भाकरी झाल्या. दोन्ही हात आभाळाकडे उडवले की सूनबाई. ही शेवटची खूण धुरपदाबाई दिवसातून पुष्कळदा करीत. संध्याकाळी आईच्या आकृतीमागे आभाळ विझत जाई आणि हातांचे शब्द हळूहळू नुसत्या सावल्या होत, तरी गिरिजाबाईंना ते वाचता येत.

आणि मग, दुसरी मोठी लढाई संपली त्याच्या पुढच्या साली, थोरले बंधू बंडप्पा यांच्यापासून वाटणी घेऊन कल्याणप्पांनी नेमकी ती पडकी जागा घेतली. आयुष्यातले पहिले स्वतःचे घर ते तिथे बांधणार होते. गावाबाहेर मोकळी, स्वस्त, चौरस जागा मिळत असताना हीच का, असे बंडप्पांनी विचारले.

"शिवलिंगनं रोज सकाळी तोंड धुताना माझं घर बघावं म्हणून," कल्याणप्पांनी मोकळेपणाने सांगितले.

माणसे घर ऊन-पावसासाठी बांधतात, लेकराबाळांसाठी बांधतात. मेव्हण्याच्या डोळ्यांसाठी बांधलेले घर उमरग्यात बहुधा हेच पहिले.

गिरिजाबाई मात्र ही बातमी ऐकून चुलीपुढे बसल्या जागी थरारल्या. त्यांच्या डोळ्यांपुढे जे उभे राहिले ते घर नव्हते. तो रस्ता होता. पडक्या जागेवर माळवद चढले की या टोकापासून त्या टोकापर्यंत वाट अखंड होणार होती. आणि माळवदाला उंबरा नसतो. उजेडासाठी आणि धुरासाठी त्यात एक भोक ठेवतात, सवणे. त्यातून शिडी सोडली की माणूस आभाळातून थेट चुलीपाशी उतरते, उंबऱ्याला पत्ताही लागत नाही. मालकांनी बेल उचलताना दाराचा विचार केला होता. आढ्याचा विचार रागात सुचत नाही.

हे नवऱ्याला सांगायची मात्र सोय नव्हती. सांगितले असते तर ते दुसऱ्यांदा देवळात गेले असते आणि या खेपेला बेलात माळवद, सवणे आणि शिडी यांचीही सविस्तर नोंद झाली असती. म्हणून गिरिजाबाईंनी ठरवले की बाकी सगळ्या सामानात मालकांची मर्जी. आपला शब्द फक्त छपरासाठी राखून ठेवायचा.

सामानाची निवड सुरू झाली. पायाला काळा दगड, कल्याणप्पा म्हणाले, गिरिजाबाई म्हणाल्या, "बरं." भिंती मातीच्या नकोत, चुन्यात बांधायच्या; "बरं." दार सागवानी, "बरं." जमिनीला शहाबादी फरशी, तीही तासलेली, "बरं." बायको इतकी समजूतदार आहे हे कल्याणप्पांना तोवर ठाऊक नव्हते. त्यांनी त्याचे श्रेय स्वतःच्या निवडीला दिले.

गवंडी हरिबा हा गृहस्थ सर्वांशी सहमत असे. ज्याच्या हातचे पान तोंडात, त्याचे मत तोंडात. दगड म्हटले की दगडासारखे काही नाही, वीट म्हटली की विटेसारखे काही नाही. त्याने बांधलेली घरे वेडीवाकडी असत, पण मालकांना ती हुबेहूब आपल्या मनासारखी वाटत.

एके दिवशी कल्याणप्पा कापड आणायला सोलापूरला, इंग्रजी मुलखात गेले आणि परतताना फडक्यात गुंडाळून एक वस्तू घेऊन आले. ते मंगलोरी कौल होते. लालभडक, खाचा पाडलेले, पाठीवर इंग्रजी अक्षरे उमटवलेले. ती अक्षरे पेठेत कुणालाच वाचता येत नव्हती. म्हणजे त्यांत काही तरी मोठे लिहिलेले असणार. कल्याणप्पांनी ते देवळीत, देवाच्या शेजारी ठेवले. येणाऱ्याजाणाऱ्याने त्यावर बोटाचे पेर मारून पाहायचे, खण्ण असा आवाज ऐकायचा आणि मान डोलवायची, असा तेव्हापासून घरचा रिवाज झाला. देवाला लोक पूर्वी नुसता नमस्कार करीत. आता आधी कौल वाजवीत.

"सोलापुरात समदे बंगले ह्याचेच," कल्याणप्पा म्हणाले. "आढ्यापासनं दोन्ही अंगाला उतार. पाणी थांबंल म्हणशील तर थेंब न्हाय. बाप जन्मला मातीखाली, आजा मेला मातीखाली. म्या आता मातीखाली ऱ्हायचा न्हाय."

गिरिजाबाईंच्या हातातले पीठ थांबले. उतार. मधोमध उंच आढे. त्या आढ्याच्या पलीकडे आईचे माळवद. तुटलेली वाट जुळणार नव्हतीच. जे दिसत होते तेही झाकले जाणार होते.

"शेवया कुठं वाळवायच्या मग?" त्यांनी विचारले. राखून ठेवलेला शब्द असा फार छोटा होऊन बाहेर पडला.

"शेवया वाळवायला घर बांधतेत व्हय?"

"उन्हाळ्यात कौलाखाली भाजून निघंल माणूस. माळवदाखाली कसं गार लागतंय."

"सोलापूरचे लोक भाजले का?"

"लई माळवदं हायत आपल्यात. आपलंच येगळं दिसंल."

"त्येच तर!" कल्याणप्पांनी मांडीवर थाप मारली. "येगळं दिसाया पाहिजे. शिवलिंगच्या माळवदाच्या नाकावर टिच्चून."

"पेठेत वानरं हायत," गिरिजाबाई शेवटचे म्हणाल्या. "चिंचंवरनं उड्या मारतेत."

"वानराला काय कळतंय कौल?"

बंडप्पा भाऊजी मधे पडले. "गिरिजा म्हणतीया ते काय खोटं न्हाय कल्याणा. गढीची पांढरी माती फुकट मिळतीय. गाढवं लाव, आठवड्यात छप्पर."

"फुकट मिळतीय म्हणूनच नको, दादा."

जगात फुकट मिळते ते नको म्हणणाऱ्या माणसाशी व्यापाऱ्याने काय वाद घालावा? हरिबाला विचारले, तर त्या दिवशी पान कल्याणप्पांच्या हातचे होते. "कौलासारखं कायबी न्हाय, मालक," तो म्हणाला.

कौलांच्या गाड्या आल्या तो दिवस पेठेने सणासारखा साजरा केला. निजामाच्या जकातीच्या करोडगिरी नाक्यावर मुनशीने म्हणे विचारले होते, "ये क्या जिन्स है?" आणि कल्याणप्पांनी छाती काढून उत्तर दिले होते, "घर है, साहेब." हा प्रसंग ते पुढे कितीतरी दिवस सांगत राहिले. जळकोटला गाड्या झाडाखाली सोडल्या तेव्हा सगळे गाव पाहायला लोटले, हेही सांगत. गवतात गुंडाळलेली कौले एकेक करून वर गेली, आणि मृगाच्या आधी ओळीच्या टोकाला, मातकट माळवदांच्या मधे, एक लाल डोंगर उभा राहिला.

घरभरणीला सगळी पेठ आली; पलीकडचे घर सोडून. मठाचे स्वामी शांतलिंग यांनी पाद्यपूजा घेतली, वर पाहिले आणि म्हणाले, "रंग चांगला आहे." शिवलिंगांनी मात्र एक अत्यंत नीच कृत्य केले: त्यांनी तोंड धुण्याची जागा परसात नेली. कल्याणप्पांना हे कळले तेव्हा त्यांना रात्री जेवण गेले नाही.

पावसाळ्यात पेठेतली माळवदे ठिबकली. लोक भांडी मांडून बसले. कल्याणप्पांच्या घरात थेंब पडला नाही, आणि ते कोरड्या घराच्या दारात उभे राहून पाऊस वाढण्याची वाट पाहत. घराच्या आत गिरिजाबाई आढ्याकडे बघत बसत. हे छप्पर पाणी आत येऊ देत नव्हते. आणखीही पुष्कळ काही येऊ देत नव्हते. संध्याकाळी त्या जुन्या घराच्या माळवदावर जात, जाऊबाईंच्या तुळशीला पाणी घालण्याच्या निमित्ताने, आणि पूर्वी जिथे दोन हात दिसत तिथे लाल उतार दिसे. पलीकडे कुणी हात हलवत असेल, कुणी पदर कपाळाला लावत असेल. कौलांवर नुसते ऊन सरकत जाई. आढे वर चढून ऊन पलीकडे उतरायचे. उन्हाला बेल नव्हता.

दसऱ्याच्या सुमाराला बांगड्या भरायला कासारीण आली आणि सहज बोलून गेली, "तुमच्या अव्वा मरता मरता वाचल्या, बाई. लई ताप होता. बडबडत हुत्या. आता बऱ्या हायत."

"आईला? कधी?" गिरिजाबाईंनी विचारले.

"झालं की महिनाभर. तुमाला ठावं न्हाय? भिंतीला भिंत हाय की."

एक बांगडी चढताना फुटली. गिरिजाबाई रडल्या नाहीत. त्यांनी काचेचे तुकडे वेचले, पदराला हात पुसला आणि त्यांना एकाएकी आठवले की बेलाचे झाड देवळामागे आहे आणि ते काही कल्याणप्पांनी लावलेले नाही.

पुढच्या सोमवारी, देवळात दर्शनाला गर्दी असताना, त्यांनी पिंडीवरचा बेल उचलला. आवाज फार मोठा नव्हता, पण पुजाऱ्याला, शेजारणींना आणि खुद्द कल्याणप्पांना ऐकू जाईल इतका होता.

"नव्या घराला दृष्ट लागू नये म्हणून जल्मभर दर सोमवारी घरावर वानरांना शेंगा घालीन. चुकणार न्हाय."

"वा!" पुजारी म्हणाला. शेजारणींनी डोळ्यांना पदर लावला. कल्याणप्पांचा ऊर भरून आला. घरावर इतके प्रेम करणारी बायको कुणाला मिळते?

भुईमूग नुकताच निघाला होता. सोमवारी सकाळी गिरिजाबाई जुन्या घराच्या माळवदावरून कौलांच्या काठाशी गेल्या आणि ओंजळी भरभरून शेंगा वर उडवल्या. शेंगा उतारावरून घरंगळल्या. काही वळचणीतून खाली गेल्या, बाकीच्या कौलांच्या खाचांत आणि सांध्यांत अडकून बसल्या. मग चिंचेवरून पाहुणे आले. आधी एक म्हातारा हुप्प्या, मग त्याचे सारे कुटुंब. वानर हा प्राणी श्रद्धाळू असून प्रसादातला एकही दाणा वाया घालवत नाही. सांध्यातली शेंग काढायची तर कौल उचलावे लागते. उचललेले कौल पुन्हा जागेवर ठेवण्याची पद्धत त्यांच्यात नाही. खण्ण, खण्ण, असा तो थोर आवाज सगळ्या पेठेने ऐकला.

कल्याणप्पा दुकानातून धावत आले. "हाड! हाड!"

"अवं, नेमाचं हाय," गिरिजाबाई शांतपणे म्हणाल्या. "हाकलू नगा. बेल हाय."

दर सोमवारी हेच. मंगळवारी हरिबा वर चढे, फुटकी कौले काढी, नवी बसवी आणि म्हणे की वानरासारखे काही नाही. पुढे वानरे रविवारीच मुक्कामाला येऊ लागली. हिवाळी अवकाळीचा शिडकावा झाला तेव्हा सगळी पेठ कोरडी होती आणि भांडी मांडून बसले होते ते कल्याणप्पा. शिवलिंगांनी तोंड धुण्याची जागा परसातून पुन्हा पुढे आणली.

अखेर कल्याणप्पांनी स्वामींना घरी बोलावले. गिरिजाबाई आतल्या दाराआड उभ्या होत्या.

"स्वामी, बाईमाणसानं उचललेला बेल, तिच्या मालकानं माघारी ठेवला तर चालतंय का?"

शांतलिंगांनी विभूतीचे बोट पुसले. "चालतंय की."

"चालतंय?"

"व्हय. मग बाप्यानं उचललेलाबी चालतंय. बेलाच्या पानाला बाई-बाप्या कुठं कळतोय, कल्याणप्पा? एक माघारी ठेवलास की दुसराबी ठेव. उद्याच ये. शिवलिंगला मी सांगतो हुग्गी करून ठेवायला."

वरून एक कौल सरकले, उतारावरून खडखडत गेले आणि अंगणात फुटले. कल्याणप्पांच्या चेहऱ्यावर जी घालमेल चालली होती ती गिरिजाबाई दाराच्या फटीतून पाहत होत्या. एका बाजूला पेठेने ऐकलेला शब्द, दुसऱ्या बाजूला सोलापुराहून आणलेले स्वप्न. फक्त हो म्हणायचे होते. एक साधा होकार, आणि समोरच्या दाराने आई आत आली असती.

"बेल मोडायचा न्हाय," कल्याणप्पा म्हणाले. "कौलं काढतो."

स्वामी हसले नाहीत. साधनेचे बळ दुसरे काय असते! कपाळावर हात मारून घेण्याची इच्छा गिरिजाबाईंना झाली. सारे छप्पर उतरवायला तयार, पण एक पान खाली ठेवायला तयार नाही! आणि तरी त्यांना त्या माणसाची क्षणभर माया आली. पडका असला तरी तो माणूस म्हणजे त्यांचे स्वतःचे घर होते.

त्या दिवसांत पेठेत एकच चर्चा असे: इंग्रज जाणार, निजाम काय करणार, आपल्या डोक्यावर छप्पर कुणाचे येणार. कल्याणप्पा त्या चर्चेत बसत नसत. त्यांच्यापुढे हा प्रश्न अधिक निकडीचा होता.

कौले उतरली. तुळया आडव्या पडल्या, किलचन बसले, तरवडाचा पाला पसरला. गढीच्या पांढऱ्या मातीने लादलेली गाढवे आली. माती फुकट होती, याबद्दल कल्याणप्पा कुणाशी बोलले नाहीत. "माळवदासारखं कायबी न्हाय, मालक," हरिबा म्हणाला. मग त्याने विचारले, "सवणं कुठं ठिवायचं?"

"चुलीवर," आतून गिरिजाबाई म्हणाल्या. "धूर जायाला."

पांढरी माती ठोकून वाळली त्या संध्याकाळी गिरिजाबाई शिडीने वर गेल्या. मधे काही नव्हते. पलीकडच्या काठावर धुरपदाबाई उभ्या होत्या, तापाने अर्ध्या झालेल्या, आणि त्यांनी खुणेसाठी हात उचलला. मग तो तसाच राहिला, कारण लेक चालत येत होती. इतकी वर्षे हातांनी बोललेल्या त्या दोघींना आता हातांचे काय करावे ते कळेना. शेवटी आईने लेकीचे कान धरून पाहिले, कुड्या आहेत ना म्हणून.

दुसऱ्या दिवशी दुपारी कल्याणप्पा जेवायला बसले होते. सवण्यातून उजेडाचा चौकोन फरशीवर पडला होता. तो एकाएकी झाकला. दोरीला बांधलेले एक पितळी पातेले हळूहळू खाली उतरले आणि त्यांच्या पानाजवळ येऊन टेकले. त्याच्यामागून शिडीवर दोन पाय आले, मग लुगडे, मग सासूबाई.

कल्याणप्पांनी दाराकडे पाहिले. सागवानी दार बंद होते. उंबऱ्यावरची सकाळची रांगोळी पुसलेली नव्हती. त्यांनी सासूबाईंकडे पाहिले, बायकोकडे पाहिले. मग वर, त्या चौकोनी आभाळाकडे. एवढ्या वेळात शेवयांपासून वानरांपर्यंतचा सारा हिशेब त्यांच्या डोळ्यांतून सरकून गेला असावा. गिरिजाबाईंची भाकरी तव्यावर करपू लागली.

"उंबरा शिवले न्हाय हं, जावईबापू," धुरपदाबाई बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात म्हणाल्या. पातेल्यावरचे झाकण काढून त्यांनी पळी बुडवली. "पैली पळी तुमची. पेशकाराला अजून सांगितलं न्हाय."

हुग्गी पानात पडली. गार होती, आणि झाकण काढताना त्यावरची पांढरी माती तिच्यात पडली होती.

"शिडीची वरची पायरी ढिली हाय," अखेर ते पानाकडे बघतच, पण बहिऱ्यालाही ऐकू जाईल असे ओरडून म्हणाले. "हरिबाला सांगतो. तोवर जपून उतरत जावा."

बेल आजही शाबूत आहे; दोन्ही. शिवलिंग आणि कल्याणप्पा एकमेकांचा उंबरा चढत नाहीत आणि याचा दोघांनाही अभिमान आहे. उरलेली कौले परसात रचून ठेवली आहेत. पाहुण्यांनी त्यांवर पेर मारून पाहावे अशी सोय आहे. दर सोमवारी माळवदावर मायलेकी शेंगा घेऊन बसतात. वानरे येतात, सपाट मातीवर बसून मुकाट खातात आणि उचलायला काही सापडत नाही म्हणून थोडी हिरमुसतात. खाली जेवणारे कल्याणप्पा वर धप्प झाले की अजून दचकतात, आणि खण्ण ऐकू येण्याची वाट बघतात.